एल आकाराच्या हॉलमध्ये सराउंडचा आवाज पुन्हा पुन्हा एकाच बाजूला का झुकतो

आमच्या हॉलमध्ये ५.१ चा संच (पुढे तीन स्पीकर, बाजूंना दोन ‘सराउंड’ आणि खालच्या स्वरांसाठी एक सबवूफर) बसवल्यानंतर आठ-नऊ महिने दर दोन-तीन आठवड्यांनी बाबांची एकच तक्रार ठरलेली असे, की सगळा आवाज आपल्या डाव्या कानातच येतो आहे. पडद्यावर पाऊस लागला, तर तो फक्त बाल्कनीच्या बाजूने कोसळत असे आणि स्वयंपाकघराच्या बाजूला रखरखीत ऊन असे. मी रिसीव्हरमध्ये, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या यंत्रात, काहीतरी खालीवर करत असे, चार दिवस ठीक जात आणि तक्रार पुन्हा हजर होई. दोष दुरुस्त होऊनही परत येतो आहे, याचा अर्थ आपण दोषाला हात न लावता त्याच्या परिणामाला ठिगळ लावतो आहोत, हे माझ्या उशिराच लक्षात आले.

खोलीचा नकाशा आधी सांगतो, कारण पुण्यातल्या कितीतरी टू-बीएचके सदनिकांत हॉल आणि डायनिंग असेच जोडलेले असतात. हॉल ११ फूट रुंद आणि १७ फूट लांब आहे आणि टीव्ही ११ फुटांच्या भिंतीवर आहे. टीव्हीकडे तोंड करून बसले, की उजवीकडची भिंत टीव्हीपासून साडेआठ फुटांवर संपते आणि तिथून पुढे ८ फूट खोल डायनिंग उघडे पडते. डावीकडची भिंत साडेनऊ फुटांपर्यंत सलग आहे आणि त्यानंतर बाल्कनीची सरकती काच सुरू होते. सोफा असा ठेवला होता, की मधल्या माणसाचे कान टीव्हीच्या भिंतीपासून ११ फुटांवर येत. थोडक्यात, कानांच्या उजवीकडे भिंतच नव्हती आणि डावीकडे होती ती काच.

वायरिंग करणाऱ्याने त्यातून मार्ग काढला तो असा: उजवा सराउंड डायनिंगच्या पलीकडच्या भिंतीवर ठोकला, कारण भिंत तिथेच होती, आणि डावा सराउंड काचेसमोर स्टँडवर उभा केला. टेपने मोजले तेव्हा मधल्या जागेपासून डावा स्पीकर ४ फुटांवर आणि उजवा साडेतेरा फुटांवर निघाला. हे माप मी संच बसवला त्या दिवशीच घ्यायला हवे होते.

दोष खोलीचा आहे असे म्हणण्यापूर्वी यंत्रांवरचा संशय मिटवावा लागतो. त्यासाठी सर्वांत भरवशाचा प्रयोग फुकट आहे: दोन्ही सराउंड स्पीकर काढून एकमेकांच्या जागी लावायचे आणि रिसीव्हरचा टेस्ट टोन, म्हणजे एकेका स्पीकरमधून पाळीपाळीने येणारा चाचणीचा आवाज, ऐकायचा. झुकाव स्पीकरबरोबर उजवीकडे गेला तर स्पीकरमध्ये खोट आहे; तो डावीकडेच राहिला तर स्पीकर सुटला. मग रिसीव्हरच्या मागे फक्त दोन वायरींची अदलाबदल करायची आणि दोन्ही वाहिन्यांची (एकेका स्पीकरकडे जाणाऱ्या आवाजांची) पातळी शून्यावर ठेवून तोच टोन पुन्हा ऐकायचा; झुकाव बाजू बदलत असेल तर रिसीव्हरची एक वाहिनी कमकुवत आहे. आमच्याकडे दोन्ही वेळा झुकाव डावीकडेच राहिला. लाल आणि काळी टोके उलट लागलेली नाहीत ना, हेही याच वेळी पाहून घ्यावे, कारण उलट जोडलेल्या स्पीकरचा आवाज जागेवर न बसता कानाभोवती तरंगत राहतो, खालचे स्वर विरळ होतात आणि माणूस खोलीला बोल लावतो. चाचणी टेस्ट टोननेच करावी, चित्रपटावर करू नये. टीव्हीकडून रिसीव्हरला दोनच वाहिन्यांचा आवाज जात असेल, तर सराउंडमध्ये जे ऐकू येते ते रिसीव्हरने स्वतः रचलेले असते आणि त्यावरून कसलाही निष्कर्ष काढता येत नाही.

उजवीकडची वायर लांब पडते म्हणून आवाज कमी येतो, ती जाड घ्या, असा सल्ला मला दुकानात मिळाला होता. हिशोब करून पाहिला. १६ गेजच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला साधारण ०.०१३ ओहम असतो. १५ मीटरच्या जोडवायरीत जाऊन-येऊन ३० मीटर धरले तर ०.४ ओहम होतात आणि ८ ओहमच्या स्पीकरवर त्याने जेमतेम अर्धा डेसिबल घट होते. तेवढा फरक बाबांच्या कानाला कळणार नाही आणि माझ्याही नाही. वायर निर्दोष ठरली आणि माझे पैसे वाचले.

उरला अंतरांचा मामला. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले, की आवाज ६ डेसिबलने उतरतो. ४ आणि साडेतेरा फुटांमधला फरक या हिशोबाने साडेदहा डेसिबलच्या आसपास जातो. बंद खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज मिसळत असल्याने तो काहीसा कमी भरतो, इतकेच. शिवाय ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणून साडेनऊ फुटांच्या फरकामुळे उजवीकडचा आवाज साधारण साडेआठ मिलिसेकंद उशिरा पोचतो. हेल्मुट हास यांनी १९४९ च्या आपल्या प्रबंधात दाखवून दिले होते, की एकच आवाज दोन ठिकाणांहून काही मिलिसेकंदांच्या अंतराने आला तर कान पहिल्या आवाजाची दिशा खरी मानतो, मग मागाहून आलेला आवाज काहीसा मोठा असला तरीही. त्यामुळे उजव्या स्पीकरचा आवाज नुसता वाढवून बाबांची तक्रार जाणारच नव्हती, आणि मी पहिले दोन महिने नेमके तेवढेच करत होतो.

रिसीव्हरमधली स्वयंचलित मापणी सोफ्यावर ठेवलेल्या माइकने प्रत्येक स्पीकर ऐकून उशीर आणि पातळी दोन्ही सांभाळते, हे खरे. तिने डाव्याला मुद्दाम थांबवले, उजव्याला ९ डेसिबल चढवले आणि मधल्या जागेवर बसून मला सगळे झकास वाटले. पण बाबा मध्ये बसत नाहीत, ते सोफ्याच्या डाव्या टोकाला बसतात. मधल्या जागेपासून ते टोक २ फूट डावीकडे आहे. त्यांच्यासाठी डावा स्पीकर ४ फुटांवरून २ फुटांवर येतो, म्हणजे ६ डेसिबल चढतो; उजवा साडेतेरावरून साडेपंधरावर जातो, म्हणजे एक-सव्वा डेसिबल उतरतो. मधल्या जागेसाठी अचूक जुळवलेला संच त्यांच्या कानाशी सात डेसिबलने डावीकडे झुकलेला होता. माइक ठेवला होता तिथे सारे ठीक होते आणि तक्रार दोन फुटांवर होती.

आता हे दर दोन-तीन आठवड्यांनी वाढत का होते, ते कोडे अगदी घरगुती निघाले. डावा स्टँड बाल्कनीच्या वाटेत होता. आई कपडे वाळत घालायला जाताना तो जरा आत सरकवी आणि कामाच्या मावशी फरशी पुसताना आणखी जरा सरकवत, आणि दोघींचेही काहीच चुकत नव्हते, कारण वाटेत उभी केलेली वस्तू सरकवलीच जाणार. एकदा मी मोजले तेव्हा स्टँड मूळ जागेपासून ९ इंच सोफ्याकडे आलेला होता. बाबांच्या कानापासून तो आता २ फुटांवर नसून सव्वा फुटावर होता आणि सात डेसिबलचा झुकाव अकराच्या घरात गेला होता. मी पुन्हा मापणी करी, पण त्यानंतर केर काढताना कोणीतरी स्टँड मागे ढकले आणि नवे आकडे जुन्या जागेला लागू होत नसत.

इथून पुढे जे केले त्यामागे एकच विचार होता. उशीर आणि पातळी रिसीव्हर सुधारू शकतो. आवाज कोणत्या कोनातून येतो आणि त्यात खोलीचा घुमारा किती मिसळलेला असतो, हे तो सुधारू शकत नाही. तेव्हा वाकड्या खोलीत जी काही जागा हाताशी आहे, ती आधी कोनासाठी खर्च करावी, मग स्पीकर कानाच्या जवळ आणण्यासाठी, आणि उरलेले रिसीव्हरवर सोपवावे. डायनिंगच्या भिंतीवरचा स्पीकर कोनाने फारसा चुकीचा नव्हता, पण ९ डेसिबल चढवलेला तो आवाज आधी सगळे डायनिंग दणाणून सोडत होता आणि मग हॉलमध्ये येत होता. गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशी, काचेचे टेबल, फ्रिजचे दार: टाळी वाजवली की झणकार ऐकू येई. पावलांचा आवाज पाठीमागून येण्याऐवजी जिन्यातून आल्यासारखा वाटे.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची बीएस ७७५ ही शिफारस ५.१ साठी पुढचे दोन स्पीकर मध्यरेषेपासून ३० अंशांवर आणि सराउंड १०० ते १२० अंशांवर ठेवायला सांगते, म्हणजे सराउंड कानांच्या थेट रेषेत न येता किंचित मागे पडतात. आमची उजवी भिंत साडेआठ फुटांवर संपते आणि कान ११ फुटांवर होते. भिंतीच्या टोकाला स्पीकर लावला असता तर तो ६५ अंशांवर, चक्क पुढच्या बाजूला आला असता. बरेच दिवस मी स्पीकर मागे कसा नेता येईल याचाच विचार करत राहिलो: तुळईला पाइप सोडून लटकवावा का, डायनिंगच्या तोंडाशी उंच स्टँड ठेवावा का. तुळईखालून ये-जा असल्याने कोणाच्या तरी कपाळाला टेंगूळ येणार हे उघड होते. शेवटी सरळ उत्तर सुचले, की भिंत सोफ्यापर्यंत येत नसेल तर सोफ्याने भिंतीकडे यावे.

सोफा साडेतीन फूट पुढे आणला, त्यामुळे कान ११ वरून साडेसात फुटांवर आले. ५५ इंची टीव्ही जवळपास ४ फूट रुंद असतो, त्यामुळे या अंतरावरून तो सुमारे ३० अंशांचा कोन व्यापतो आणि चित्रालाही हेच अंतर बरे पडते. पूर्वी आम्ही उगाच लांब बसत होतो. पुढचे दोन स्पीकर एकमेकांपासून साडेसात फुटांवर ठेवून ३० अंश सहज मिळाले. घरात मात्र या बदलाला विरोध झाला. हॉलच्या मधोमध सोफा म्हणजे दवाखान्याच्या प्रतीक्षागृहासारखे दिसते, असे आईचे म्हणणे होते आणि ते पूर्णपणे चूक नव्हते. सोफ्यामागे मोकळ्या झालेल्या साडेआठ फुटांत तिचा दिवाण आणि पुस्तकांचे कपाट आल्यावर तह झाला. सेंटर टेबलाला मात्र बाजूला जावे लागले.

आता उजवा ब्रॅकेट. भिंतीच्या अगदी कडेला छिद्र पाडू नये, प्लग ठोकताना कोपऱ्याचा गिलावा आणि कधी विटेचा तुकडाही निघतो. मी कडेपासून ४ इंच आत, वीट लागेल अशी जागा ठोकून पाहून छिद्रे घेतली आणि वळणाऱ्या हाताचा ब्रॅकेट लावला. त्याचा हात ८ इंच मागे, भिंतीच्या कडेच्या पलीकडे काढला. स्पीकर अशा रीतीने टीव्हीच्या भिंतीपासून पावणेनऊ फुटांच्या जरासा पुढे, म्हणजे कानांच्या सव्वा फूट मागे गेला आणि कोन १०५ अंशांच्या आसपास आला. जिथे भिंत नव्हती तिथे ब्रॅकेटच्या हाताने आठ इंच भिंत उसनी दिली म्हणा ना. नव्या इमारतींत पातळ, हलक्या ठोकळ्यांची भिंत असते. तिथे साधे प्लास्टिकचे प्लग महिन्याभरात सैल पडतात, म्हणून त्या भिंतीसाठीचे वेगळे प्लग मागून घ्यावेत आणि स्पीकरचे वजन आधी पाहावे. डावीकडे हुबेहूब तेच माप घेतले, कारण त्या बाजूची भिंत साडेनऊ फुटांपर्यंत सलग होती. अडचण फक्त बाल्कनीच्या काचेवरच्या पडद्याची होती: बाजूला सारल्यावर पडद्याचा गठ्ठा नेमका स्पीकरवर येई. तो काचेच्या दुसऱ्या टोकाला गोळा होईल अशी व्यवस्था केली.

उंचीचा निर्णय बाबांसाठी घेतला. सराउंड कानांच्या पातळीला असला, की जवळ बसणाऱ्याला तो कानात ओरडल्यासारखा वाटतो. तो कानांपेक्षा अडीच फूट वर नेला, की टोकाच्या माणसापासूनचे अंतर वाढते, पण मधल्या माणसाला फारसा फरक पडत नाही. आमच्याकडे कान सोफ्यावर सव्वातीन फुटांवर येतात आणि स्पीकर पावणेसहा फुटांवर आहेत. बाबांच्या कानापासून डावा आता ४ फुटांवर आणि उजवा सव्वासात फुटांच्या थोडासा पुढे आहे. हिशोबाने अजूनही सव्वापाच डेसिबलचा झुकाव राहतोच, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. मग स्पीकरचे तोंड वळवले: डावा स्पीकर सोफ्याच्या उजव्या टोकाकडे आणि उजवा डाव्या टोकाकडे रोखला. उंच स्वर स्पीकरच्या तोंडासमोर जास्त आणि बाजूला कमी जातात, म्हणून जवळच्या माणसाला त्याच्या शेजारचा स्पीकर किंचित बोथट आणि दूरचा लख्ख ऐकू येतो. कागदावर हा फरक मला मांडता येणार नाही, पण बाबांनी ऐकल्यावर सांगितले, की आता पाऊस स्वयंपाकघरातही पडतो आहे.

मापणी पुन्हा करताना मी पूर्वी केलेल्या चुका टाळल्या. माइक सोफ्याच्या पाठीवर टेकवून ठेवला, तर कापडावरून परतणारा आवाज त्यात शिरतो; तो तिकाटीवर कानांच्या उंचीला हवा. पडदे चित्रपट पाहताना असतात तसेच ओढलेले हवेत. पंखा बंद, आणि शक्य असेल तर फ्रिजही दहा मिनिटे बंद. आमची पहिली मापणी शेजारच्या कुकरच्या शिट्टीने वाया गेली, म्हणून दुसरी रात्री जेवणे आटोपल्यावर घेतली. पहिले माप मधल्या जागेचेच घेतात. त्यानंतरची मापे मी सोफ्याच्या दोन्ही टोकांना आणि मधल्या जागेच्या थोडे पुढे-मागे घेतली. शेवटी रिसीव्हरने काढलेली अंतरे टेपच्या मापाशी ताडून पाहिली. जुन्या रचनेत उजव्या सराउंडचे अंतर तो दर वेळी वेगळे सांगत असे, कारण थेट आवाजापेक्षा डायनिंगचा प्रतिध्वनी त्याला गोंधळात टाकत होता. आता दोन्ही बाजू साडेपाच फुटांच्या आतबाहेर आल्या आणि उजव्याची चढवणूक ९ वरून १ डेसिबलवर उतरली. सबवूफरचे अंतर मात्र टेपपेक्षा जास्त दिसले तरी हातचे बदलू नये. त्याच्या आतल्या सर्किटचा उशीर रिसीव्हर अंतराच्या रूपाने धरतो.

सबवूफरबद्दल फार लिहीत नाही, कारण झुकावाशी त्याचा संबंध नव्हता. ११ फुटांच्या रुंदीत ५१ हर्ट्झच्या आसपास घुमण्याची शक्यता असते, आणि डायनिंग धरून रुंदी १९ फूट झाली की तीच गोष्ट ३० हर्ट्झजवळ सरकते, म्हणून एल आकारात कोणत्या कोपऱ्यात काय होईल ते मनाने ठरवू नये. सबवूफर सोफ्यावर माणसाच्या जागी ठेवावा, एकच बेसची धून लावावी आणि आपण भिंतीकडेने गुडघ्यांवर रांगत ऐकत जावे. जिथे आवाज एकसारखा आणि आखीव वाटतो ती सबवूफरची जागा. घरचे हसतात, हसू द्यावे.

ज्यांच्या खोलीत उजवीकडे किंवा डावीकडे भिंत अजिबातच नाही, त्यांना दुकानात हमखास तीन सल्ले मिळतात. दोन स्पीकर वाढवून ७.१ करा, हा पहिला. जिथे दोनच स्पीकरना जागा मिळत नाही, तिथे चारांचे भांडण कशाला वाढवायचे, असे माझे मत आहे. दोन्ही बाजूंना आवाज फेकणारे डायपोल लावा, हा दुसरा. ते भिंतींवरून परतणाऱ्या आवाजावर चालतात आणि उघड्या बाजूला परतायला भिंतच नसते. फॉल्स सीलिंगमध्ये बसवा, हा तिसरा. त्यात आवाज बाजूऐवजी डोक्यावरून येतो, तरी दोन्ही बाजू सारख्या राहतात, म्हणून सोफा हलवता येत नसेल आणि भिंतही नसेल तर शेवटचा पर्याय म्हणून तो मान्य करायला हरकत नाही. अट एकच, की दोन्ही सराउंड छतात जावेत. एक भिंतीवर आणि एक छतात असे करू नये. आणि घरात अजून वायरिंग व्हायचे असेल, तर आधी टीव्हीची भिंत बदलून पाहावी. डायनिंगचा उघडा भाग बाजूला येण्याऐवजी सोफ्याच्या पाठीमागे आला, तर अर्धे प्रश्न उद्भवतच नाहीत. आमच्याकडे बाल्कनी आडवी आली.

सराउंड भिंतीला घट्ट झाल्यावर सरकण्याची पाळी सोफ्याची आली, कारण मावशींना त्याच्या खालूनही पुसायचे असते. आमच्या फरश्या २ फूट बाय २ फूट आहेत आणि टीव्हीच्या भिंतीपासून पूर्ण फरशीने सुरू होतात, त्यामुळे तिसऱ्या सांध्याच्या ६ इंच अलीकडे पुढच्या दोन पायांसाठी मी रंगीत चिकटपट्टीच्या बारीक खुणा केल्या. पहिल्या आठवड्यात मावशींनी त्या खरवडून काढल्या. त्यांना तो फरशीवरचा डाग वाटला होता. दुसऱ्यांदा लावताना कारण सांगितले, तेव्हापासून सोफा खुणेवर परत येतो, आणि एखाद्या दिवशी चार बोटे इकडेतिकडे राहिला तर बाबा टीव्ही लावण्यापूर्वी स्वतःच तो पायाने ढकलून घेतात.